शोरूममध्ये नव्या गाडीचा भाव ठरवताना
बोलणी सुरू करण्याआधी ऑन-रोड किमतीचे (कर, विमा वगैरे धरून एकूण द्यावी लागणारी रक्कम) कोटेशन लेखी मागून घ्यावे आणि त्यातील प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे वाचावी. आरटीओचा कर ठरलेला असतो. घासाघीस करण्यास खरा वाव रोख सवलत, विमा, अ‍ॅक्सेसरीज आणि ‘हँडलिंग चार्जेस’ (गाडी हाताळण्यापोटी शोरूम लावते ते शुल्क) या ओळींत असतो. नव्या मोटारीला ३ वर्षांचा थर्ड पार्टी विमा (इतरांच्या नुकसानीची भरपाई देणारा) बंधनकारक असला, तरी तो शोरूमकडूनच घेण्याची सक्ती नाही, म्हणून बाहेरच्या विमा कंपनीचे कोटेशन हाती ठेवूनच बसावे; माझ्या मते इतका उपयोगी कागद दुसरा नाही. डिसेंबरमध्ये सवलत बहुधा मोठी मिळते, परंतु पुढे विकताना गाडीचे वय उत्पादनाच्या वर्षावरून धरले जाते, तेव्हा चासी क्रमांकावरून उत्पादनाचा महिना पडताळल्याशिवाय उरलेली रक्कम भरू नये.