वृत्तवाहिनीची साइट ‘चालत नाही’? या चुका टाळा

जुलैतली मुसळधार, लोकल रेल्वेचा रविवारचा ब्लॉक आणि मतमोजणीची सकाळ. या तीन वेळी मराठी वृत्तवाहिन्यांच्या साइटवर झुंबड उडते, आणि ‘साइट चालत नाही’ ही ओरडही तेव्हाच सगळ्यात जास्त असते. साइट खरोखर कोसळते, नाही असं नाही. पण त्याहून जास्त वेळा वाचणारा भलत्याच पानावर असतो: कालच्या, गेल्या वर्षीच्या किंवा वाहिनीचा नुसता लोगो चिकटवलेल्या. म्हणून फोन बंद-चालू करण्याआधी दोनच गोष्टी बघा. वरच्या पट्टीतला पत्ता, आणि मथळ्याखालची तारीख-वेळ.

तारीख न बघता बातमी पुढे ढकलणं

‘मुंबईतील शाळांना उद्या सुट्टी’. या मथळ्यात ‘उद्या’ आहे, तारीख नाही. दर पावसाळ्यात हीच जुनी पानं व्हॉट्सॲपवर पुन्हा फिरतात, आणि दुवा खरोखर वाहिनीचाच असल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. पान उघडलंत की मथळ्याखाली दोन वेळा दिसतात: ‘प्रकाशित’ आणि ‘अपडेट’. विश्वास पहिलीवर ठेवा. नुसती शुद्धलेखनाची दुरुस्ती केली तरी ‘अपडेट’ची वेळ बदलू शकते आणि तीन दिवसांची शिळी बातमी आजची वाटते. सुट्टीच्या बाबतीत वाहिनीच्या बातमीवरही थांबू नका. महापालिकेच्या अधिकृत खात्यावर किंवा शाळेच्या गटावर तोच निर्णय आहे का, ते पाहा. पाणी तुंबलं, झाड पडलं तर पालिकेचा १९१६ हा क्रमांक आहे. वाहिनीच्या पानाखाली कमेंट टाकून कुणी येत नाही.

पावसाचे आकडे वाचतानाही असाच घोळ होतो. हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात. त्यामुळे दुपारी बारा वाजता ‘२४ तासांत १८० मिमी’ असं दिसलं, तर तो बहुधा सकाळी साडेआठपर्यंतचा आकडा असतो; त्यानंतर कोसळलेला पाऊस त्यात नसतो. शिवाय कुलाबा आणि सांताक्रूझ ही दोन वेगळी केंद्रं. एका बातमीत कुलाब्याचा आकडा आणि दुसरीत सांताक्रूझचा असेल, तर दोन्ही वाहिन्या बरोबर असू शकतात. २६ जुलै २००५ चा ९४४ मिमी हा आकडा सांताक्रूझचा. त्या दिवशी कुलाब्याला त्या मानाने फारच कमी पाऊस झाला होता.

जुनी चित्रफीत ओळखायची एक सोपी युक्ती म्हणजे कोपऱ्यातला लोगो. ‘स्टार माझा’ची ‘एबीपी माझा’ २०१२ मध्ये झाली, आणि ‘आयबीएन लोकमत’ आता ‘न्यूज१८ लोकमत’ आहे. जुन्या नावाचा लोगो दिसला की ती क्लिप आजची नाही, एवढं तरी नक्की. उलटं मात्र खरं नाही. आजचा लोगो कुणीही जुन्या क्लिपवर चिकटवू शकतो. मोठ्या अक्षरांतली ‘ब्रेकिंग’ पाटी असलेलं नुसतं चित्र आलं असेल, तर साइटवर जाऊन ती बातमी शोधा. एवढी मोठी बातमी आणि साइटवर तिचा मागमूसही नाही, तर ती पाटी घरगुती आहे.

शोधपेटीत एकच शब्द टाकून हार मानणं

वाहिन्यांच्या साइटवरचा शोध सहसा कच्चा असतो, हे स्पष्टच सांगायला हवं. त्यातही मराठीत एक खास अडचण आहे. ‘ॲप’मधलं पहिलं अक्षर संगणकात दोन प्रकारे टाइप होतं: एक सलग चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’ला वर चंद्र जोडून. ‘दुसऱ्या’, ‘बाऱ्या’ यांतल्या ऱ्यालाही दोन वाटा आहेत. डोळ्याला फरक दिसत नाही, पण शोधयंत्राला तो दिसतो आणि ते ‘काहीही सापडले नाही’ म्हणून मोकळं होतं. आकड्यांचंही तेच. बातमीत १५ मराठी अंकांत असेल आणि तुम्ही इंग्रजी अंकांत शोधलंत, तर गाठ पडेलच असं नाही. उपाय असा की अशी अक्षरं टाळून शोधा. ‘दुसऱ्या टप्प्यातील मेट्रो’ऐवजी ‘मेट्रो टप्पा’. तरीही जमलं नाही तर गुगलमध्ये वाहिनीचं नाव आणि बातमीतले दोन-तीन ठळक शब्द टाका, आणि निकालांच्या वरच्या ‘टूल्स’मधून ‘मागील आठवडा’ निवडा. जुनं सगळं आपोआप गळून पडतं.

रविवारच्या ब्लॉकसाठी हे फार कामाला येतं. मध्य आणि हार्बरच्या बातमीत ‘मेगाब्लॉक’ असतं, पश्चिमेच्या बातमीत बहुतेक वेळा ‘जम्बो ब्लॉक’. बोरिवलीचा माणूस ‘मेगाब्लॉक’ शोधतो, त्याला ठाणे-कल्याणचं वेळापत्रक मिळतं, आणि ‘आपल्याकडे ब्लॉक नाही’ असं समजून तो निघतो. दुसरं असं की ब्लॉकची बातमी शुक्रवारी किंवा शनिवारी येते. शोधात सगळ्यात वर दिसणारी बातमी मागच्या रविवारची असू शकते, आणि वेळा दर आठवड्याला साधारण सारख्याच असल्यामुळे चूक लक्षातही येत नाही. तारखेबरोबर ‘कुठून कुठपर्यंत’ आणि ‘धीमा की जलद मार्ग’ हेही वाचा. कधी पश्चिमेवर दिवसाऐवजी शनिवारी रात्रीच ब्लॉक उरकतात. मग रविवारी दिवसा गाड्या नेहमीसारख्या असतात, आणि शेवटच्या लोकलवर विसंबलेल्याची मात्र शनिवारी रात्री पंचाईत होते.

लाइव्ह टीव्ही: आवाज नाही, चित्र अडकतं, भलतंच दिसतं

आवाज नसणं हा बिघाड नाही. क्रोमने २०१८ पासून आपोआप सुरू होणाऱ्या व्हिडिओंचा आवाज अडवायला सुरुवात केली, त्यामुळे साइट लाइव्ह मूकच सुरू करते. फोनचा आवाज वाढवून उपयोग नाही. व्हिडिओवर एकदा टॅप करून स्पीकरच्या चिन्हावर बोट ठेवा. संगणकावर तरीही आवाज आला नाही, तर वरच्या टॅबवर राइट क्लिक करून साइट म्यूट तर नाही ना, ते बघा. कधीतरी जाहिरातीला वैतागून आपणच तिला गप्प केलेलं असतं.

शेजारच्या घरात केबलवर जे आत्ता ऐकू आलं, ते मोबाइलवर अर्ध्या-एक मिनिटाने दिसतं. साइटवरचं लाइव्ह काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं आणि प्लेयर दोन-तीन तुकडे गाठीशी बांधूनच पुढे सरकतो, म्हणून हा उशीर. मध्ये एखादा फोन आला आणि व्हिडिओ थांबला, की परत सुरू केल्यावर तुम्ही तेवढेच आणखी मागे राहता. खाली ‘लाइव्ह’ हा शब्द लाल नसून राखाडी दिसत असेल, तर त्यावर टॅप करा. प्लेयर थेट वर्तमानात येतो.

आता सगळ्यात फसवी गोष्ट. अनेक वाहिन्या साइटवर यूट्यूबचंच लाइव्ह बसवतात. प्रक्षेपण तुटून नव्याने सुरू झालं की त्याचा पत्ता बदलतो, आणि जुन्या पत्त्यावर एकतर जुनं रेकॉर्डिंग उरतं किंवा ‘व्हिडिओ उपलब्ध नाही’. आजोबांच्या फोनवर कुणीतरी सेव्ह करून दिलेला दुवा म्हणून एक दिवस अचानक बंद पडतो. व्हिडिओचा दुवा जपून ठेवूच नका. वाहिनीच्या साइटवरचं ‘लाइव्ह टीव्ही’ पान उघडा, क्रोमच्या तीन टिंबांत जाऊन ते ‘होम स्क्रीनवर जोडा’. त्या पानाचा पत्ता सहसा तोच राहतो. आत काय बसवायचं ते वाहिनी बदलते.

चित्र सारखं फिरत राहिलं तर आधी डेटा तपासा. ७२०पी दर्जाच्या चित्राला तासाला साधारण एक ते दीड जीबी जातो, ४८०पी ला अर्धा जीबीच्या आसपास. दिवसाला दीड जीबीचं रिचार्ज असेल तर चर्चगेट ते विरार या एका फेरीत ते संपू शकतं. कोटा संपला की बहुतेक प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि त्यावर १४४पी सुद्धा धड चालत नाही. मग गिअरच्या चिन्हातून दर्जा कमी करण्यातही अर्थ नाही. लाइव्ह सोडा आणि मजकुराची बातमी वाचा. संध्याकाळी दादरच्या पुलावर पूर्ण रेंज दिसूनही पान उघडत नाही, तेव्हा मात्र दोष तुमच्या प्लॅनचा नसतो, एका टॉवरवरच्या गर्दीचा असतो. गाडी पुढच्या स्टेशनात गेली की सुटतं.

रेंजही आहे, डेटाही आहे, बाकी पान उघडतं, फक्त व्हिडिओच्या जागी काळा चौकोन: हे बहुधा जाहिरात अडवणाऱ्या साधनाचं काम. व्हिडिओआधी जाहिरात येते; ती अडली की काही प्लेयर पुढे सरकतच नाहीत. त्या साइटपुरतं ॲडब्लॉकर बंद करा. अँड्रॉइडवर कुणी प्रायव्हेट डीएनएस (साइटचा पत्ता शोधून देणारी सेवा; तिच्यातूनही जाहिराती अडवता येतात) बदलून दिला असेल, तर सेटिंग्जमधल्या नेटवर्क विभागात जाऊन तो ‘ऑटोमॅटिक’वर आणा. आणि ‘तुमचे कनेक्शन खासगी नाही’ असा इशारा येत असेल तर फोनची तारीख-वेळ बघा. बॅटरी पूर्ण उतरलेल्या जुन्या फोनचं घड्याळ कधीकधी भलत्याच वर्षात जाऊन बसतं आणि मग साइटचं सुरक्षा-प्रमाणपत्र त्याला चुकीचं वाटतं. तारीख बरोबर असूनही इशारा आला, तर ‘तरीही पुढे जा’ करू नका.

एक छोटी गोष्ट: बातमी एकदम विचित्र हिंदीत किंवा इंग्रजीत दिसायला लागली, तर वाहिनीने भाषा बदललेली नाही. क्रोमने भाषांतर केलं आहे. भाषांतराच्या पट्टीतल्या पर्यायांत ‘मराठीचे भाषांतर कधीही करू नका’ निवडा.

निकालाच्या दिवशी एकाच तक्त्यावर विसंबणं

‘आघाडीवर’ आणि ‘विजयी’ हे दोन रकाने एक करून वाचणं ही नेहमीची चूक. विधानसभा-लोकसभेची मतमोजणी सकाळी आठला सुरू होते, आधी टपाली मतं घेतात, आणि पहिल्या तासाभरातली आघाडी पुढच्या फेऱ्यांत अनेकदा फिरते. तक्त्यातल्या सगळ्या पक्षांची बेरीज करून बघा. विधानसभेला ती २८८ पेक्षा कमी भरली तर उरलेल्या जागांचे कल अजून आलेच नाहीत. अशा वेळी बहुमताचे १४५ कुणी गाठले ही चर्चा अर्धवट आकड्यांवर चाललेली असते. वाहिन्यांचे आकडे त्यांच्या वार्ताहरांकडून येतात, निवडणूक आयोगाचे फेरी पूर्ण होऊन नोंद झाल्यावर. म्हणून वाहिनी पुढे आणि आयोग मागे, हे स्वाभाविक आहे.

मुंबई महापालिकेच्या २२७ जागांचा निकाल केंद्रीय निवडणूक आयोगाच्या साइटवर शोधू नका. पालिका, जिल्हा परिषदा, ग्रामपंचायती यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. ही दोन वेगळी कार्यालयं आहेत आणि त्यांच्या साइटही वेगळ्या.

तक्ता दहा मिनिटं हललाच नाही तर पान खाली ओढून ताजं करा. लाइव्ह ब्लॉगमध्ये नव्या नोंदी वर येतात, पण काही साइट ‘नवीन अपडेट्स’ असं बटण दाखवून थांबतात. ते दाबल्याशिवाय काहीच बदलत नाही. ताजं करूनही तेच दिसलं तर ब्राउझरच्या इनकॉग्निटो (खासगी) टॅबमध्ये उघडा. तिथे बदललेलं दिसलं, म्हणजे तुमच्या ब्राउझरने जुनी प्रत धरून ठेवली होती.

‘अनुमती द्या’ हे दिसेल तिथे दाबणं

सूचनांचा भडिमार होत असेल तर दोष नेहमी वाहिनीचा नसतो. ‘रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अनुमती द्या’ असं सांगणारी पानं लॉटरी आणि कर्जाच्या सूचना पाठवतात, आणि त्या बातम्यांच्या रांगेत मिसळून जातात. क्रोममध्ये सेटिंग्ज, मग साइट सेटिंग्ज, मग सूचना. तिथे यादी उघडा आणि ओळखीच्या नसतील त्या सगळ्या साइट काढा. आयफोनवर उलटी तक्रार असते: सूचना येतच नाहीत. आयओएस १६.४ पासून साइटच्या सूचना मिळतात, पण साइट आधी होम स्क्रीनवर जोडलेली हवी आणि वाहिनीने तशी सोय केलेली हवी. त्यापेक्षा ॲप घेणं सोपं.

तक्रार भलत्या ठिकाणी करणं

गुगलवर ‘अमुक वाहिनी कस्टमर केअर’ शोधून पहिल्या नंबरवर फोन लावू नका. असे बरेच नंबर भामट्यांनीच पेरलेले असतात. वाहिनीला तुमचा ओटीपी, आधार किंवा स्क्रीन शेअर कशासाठीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

खरा पत्ता साइटच्या अगदी तळाशी असतो: ‘संपर्क’ आणि ‘तक्रार निवारण’. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत बातमीविषयीच्या तक्रारीची पोच २४ तासांत आणि निर्णय १५ दिवसांत द्यावा असं म्हटलं आहे. त्याच नियमांतल्या आचारसंहितेच्या काही तरतुदींना मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये स्थगिती दिली होती, त्यामुळे या मुदतीवर फार भिस्त ठेवू नका. पण मेल मात्र तिथेच पाठवा. बातमीतल्या चुकीसाठी पानाचा दुवा, चुकीचं वाक्य जसंच्या तसं, आणि बरोबर माहितीचा पुरावा जोडा. दुवा पत्त्याच्या पट्टीतून कॉपी करण्याऐवजी पानावरच्या ‘शेअर’ बटणातून घ्या, कारण पत्त्यात मराठी अक्षरं असली की कॉपी करताना त्यांची टक्के-चिन्हांची लांबलचक माळ होते आणि ती मध्येच तुटते. तांत्रिक अडचणीसाठी स्क्रीनशॉट, तारीख-वेळ, फोनचं मॉडेल, ब्राउझरचं नाव, आणि त्या वेळी वाय-फाय होतं की मोबाइल डेटा, एवढं कळवा. ‘तुमची साइट बकवास आहे’ या मेलवर तंत्रज्ञाला काहीच करता येत नाही, मग मजकूर कितीही खरा असो.