घरातल्या गमती कुत्र्याच्या तोंडून कशा लिहाव्यात

घरात घडलेली एखादी फजिती निवडा. तेव्हा कुत्रा तिथे हजर असायला हवा, एवढीच अट. त्याला गोंडस नाव कसं शोधावं यावर सल्ल्यांचा पाऊस पडतो. तिकडे दुर्लक्ष करा. जे नाव आहे तेच चालतं.

मग खाली बसा, अगदी जमिनीवर. कुत्र्याला आधी पाय दिसतात, चेहरे नंतर. टेबलाची खालची बाजू त्याला पाठ असते. निळा आणि पिवळा त्याला नीट कळतात, लाल-हिरव्यात मात्र गोंधळ होतो. त्यामुळे ‘हिरवळीवर लाल चेंडू चमकत होता’ असं वाक्य आलं की खोडा. चेंडू नाकानं शोधू द्या. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या साधारण ५०-६० लाख पेशी मानल्या जातात, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार ३० कोटींपर्यंत. हरवलेला चष्मा सोफ्याखाली आहे हे त्याला केव्हाच ठाऊक असतं, कुणी विचारत नाही इतकंच.

इथवर सोपं आहे. खरी मेख पुढे आहे. कुत्र्याला काय कळत नाही ते शेवटपर्यंत सांभाळायचं, आणि या टप्प्यानं मला सगळ्यात जास्त छळलंय. बहुतेक गोष्टींत कातडं कुत्र्याचं असतं आणि आत एक टोमणे मारणारे काका बसलेले असतात. ‘कुत्र्याला मिश्कील करा’ हा सल्ला देणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. मिश्कील वाचकाला होऊ द्या.

समजा, डॉक्टरांनी बाबांचं चीज बंद केलंय आणि ते रात्री चोरून खातात. ‘बाबा आईला फसवत होते, मला हसू आलं’ असं लिहिलंत की कारभार आटोपला. त्याऐवजी असं लिहा:

‘रात्री आमची ड्यूटी असते. सगळे झोपले की बाबा चपला हातात घेऊन येतात. थंड कपाट उघडतं, उजेड पडतो, आम्ही आत तपासणी करतो. तपासणीत बोलायचं नाही असा नियम आहे. मला पगाराचा तुकडा मिळतो. बाबांचा पगार मोठा, कारण ते साहेब आहेत. एवढं काम दोघांवरच का, म्हणून आज मी आईलाही हाक मारली. जोरात.’

त्यानं काय पाहिलं, काय हुंगलं ते सगळं खरं आहे. फक्त त्यामागचं कारण चुकलंय, आणि चुकलंय तेही ठाम खात्रीनं. ‘बहुधा’, ‘मला वाटतं’ म्हणणारा कुत्रा कुणालाच हसवत नाही. शब्दांचंही तसंच. ड्यूटी, पगार, साहेब हे त्यानं घरात रोज ऐकलेत, म्हणून खपतात. त्यानं ‘चोरी’ म्हटलं की पडदा फाटला.

दुसरा सापळा अपराधी चेहऱ्याचा. ‘मला माझी चूक उमगली’ हे वाक्य कुत्र्याच्या तोंडी घालू नका. कुत्र्यांच्या वागण्याच्या अभ्यासक अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तो चेहरा मालकाच्या ओरडण्याशी जोडलेला निघाला. मनाई केलेल्या खाऊला तोंडही न लावलेले कुत्रे ओरडा बसताच तसेच दिसले. गोष्टीसाठी ही पर्वणीच आहे. ‘उशीत अडकलेला कापूस मी बाहेर काढून दिला. आईचा आवाज चढला, तसे मी कान पाडले. कान पाडले की आवाज उतरतो, हे मी तिला शिकवलंय.’

शेवट लांबवू नका. फजिती झाली की कुत्रा झोपायला किंवा दुसऱ्या कामाला निघून जातो. आणि रडवण्यासाठी त्याला मारू नका, कृपा करा. विनोदी गोष्टीच्या नावाखाली असं काही वाचलं की माझा पारा चढतो.

झाल्यावर मोठ्यानं वाचा. जिथे आवाज आपोआप नाटकी होतो ते वाक्य कापा. ज्याची फजिती लिहिलीय त्याला गोष्ट सगळ्यांत आधी दाखवा, कुत्रा सोडून. चीजची गोष्ट असेल तर बाबांना एकट्यात गाठा, आणि त्या वेळी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवा.