दर वेळी सुरू होताना डिस्क तपासणी होत असेल तर

लाईट गेल्याने किंवा बटण दाबून कॉम्प्युटर बंद केल्याने त्या ड्राइव्हवर विंडोजची 'डर्टी' (म्हणजे तपासणी हवी) अशी खूण राहू शकते. तसे झाल्यास पुढच्या वेळी सुरू होताना चेकडिस्क (विंडोजची डिस्क तपासणी) चालते, चुका दुरुस्त करते आणि खूण पुसते. एकदा झाले तर घाबरू नका. तपासणी पूर्ण होऊ द्या. आकडा बराच वेळ एकाच टक्क्यावर अडकलेला दिसला तरी मध्येच बटण दाबू नका. मोठ्या हार्ड डिस्कला काही तास लागू शकतात.

रोजच तपासणी होत असेल, तर मात्र आधी फोटो, हिशेब, कागदपत्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. हे सगळ्यात आधी, कारण खराब सेक्टर (डिस्कवरचे बिघडलेले भाग) शोधणारी सखोल तपासणी मरायला टेकलेल्या डिस्कवर आणखी ताण टाकते.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत पाहा. हार्ड डिस्कच्या रिअलोकेटेड (बदललेल्या) किंवा पेंडिंग (संशयास्पद) सेक्टरचे आकडे वाढत असतील, तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, डिस्क बदला. फक्त सीआरसी एररचा (डेटा ने-आण करताना होणाऱ्या चुकांचा) आकडा वाढत असेल, तर बहुधा दोष केबलचा असतो. डेस्कटॉप असेल तर विजेचा प्लग काढून साटा केबल (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी वायर) घट्ट बसवा किंवा नवी लावा; ती स्वस्तात मिळते.

तपासणीचा निकाल विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर (नोंदी दाखवणारे साधन) यामधल्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये 'विनइनिट' नावाखाली सापडतो. सुरुवातीची तपासणी कायमची बंद करण्याचे उपाय सुचवले जातात, पण त्याने बिघाड जात नाही, फक्त दिसेनासा होतो.