सरकारी रुग्णालयातील औषधे : मागणी ठरवण्यापासून वॉर्डापर्यंत

औषधांचा तुटवडा बहुतेकदा निविदेच्या कितीतरी आधी, मागणीच्या आकड्यातच सुरू होतो. म्हणून सर्वांत जास्त वेळ तिथे द्या.

समजा, वर्षभरात एका गोळीचा वापर 54,000 झाला, पण त्यांपैकी तीन महिने साठा शून्य होता. 54,000 ला 12 ने भागले तर दरमहा 4,500 येतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा तुटवडा पडतो. भागायचे 9 ने, कारण औषध तेवढेच महिने उपलब्ध होते. खरी गरज दरमहा 6,000 आहे. ही दुरुस्ती प्रत्येक औषधासाठी करायलाच हवी. साठा कोणत्या तारखेला संपला हे नोंदवहीत नसेल, तर ती करता येत नाही.

आता खरेदीचा आदेश कधी द्यायचा? माल यायला तीन महिने लागत असतील तर 18,000 गोळ्या त्या काळासाठी आणि दीड महिन्याच्या 9,000 राखीव. शिल्लक 27,000 वर येताच आदेश निघाला पाहिजे. किती मागवायचे ते ठरवताना वाटेत असलेला मालही वजा करा. तो विसरला की एकच औषध दोनदा येते आणि शेवटी मुदतबाह्य होते.

पैसे कमी पडले तर सगळ्या औषधांना सारखी कात्री लावू नका. ज्यांच्याविना जीव जाऊ शकतो ती आधी पूर्ण घ्या, मग आवश्यक, उरलेल्या पैशांत बाकीची.

निविदेत ब्रँडचे नाव नको. जेनेरिक नाव, मात्रा, स्वरूप आणि पॅकिंग लिहा. दर प्रति गोळी किंवा प्रति कुपी मागा, नाहीतर दहाच्या आणि पंधराच्या पट्टीची तुलना होत नाही. माल पोहोचेल तेव्हा किती मुदत शिल्लक हवी, हेही अटींत घाला. वर्षाचा पुरवठा हप्त्यांनी घेणे चांगले.

माल आल्यावर बॅच क्रमांक, मुदत, मात्रा, संख्या आणि चाचणी प्रमाणपत्र तपासूनच पोच द्या. खोक्यावरचा आकडा पुरेसा नाही, खोके उघडा.

भांडारात आधी आलेले नव्हे, तर मुदत आधी संपणारे औषध पुढे ठेवा. इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवा, मात्र फ्रीजरच्या कप्प्याला टेकवू नका. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यावरही वापरायचे नाही, आणि नुसते पाहून ते गोठले होते हे कळेलच असे नाही. तापमान दिवसातून दोनदा लिहा.

वॉर्डाला औषध देताना फक्त मागणीपत्र पाहू नका. तिथली शिल्लकही मागा. एकदा तुटवडा अनुभवलेला वॉर्ड पुढे जास्तीचे मागून कपाटात ठेवतो. त्यात परिचारिकांचा दोष नसतो, भांडारावरचा विश्वास उडालेला असतो. पण भांडाराच्या नोंदीत तो साठा 'वापर' म्हणून चढतो आणि पुढच्या वर्षीचा हिशेब फुगतो. दर आठवड्याला ठरलेल्या दिवशी वॉर्डासाठी ठरवलेल्या कमाल पातळीपर्यंत साठा भरून द्या, तातडीच्या औषधांचा छोटा संच वेगळा ठेवा आणि तीन महिन्यांत मुदत संपणाऱ्या औषधांची यादी दरमहा काढून ती औषधे जास्त खपाच्या विभागाकडे वळवा.