ढिलं क्लच पेडल: आधी पिन-बूश बघा, मग रॉडला हात लावा

इंजिनाचा मॅप बदललेला, टायर चांगले, सस्पेन्शन कडक, आणि क्लच पेडल मात्र एसटीच्या खिडकीसारखं खिळखिळं. पन्हाळ्याच्या वळणावर तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं म्हटलं, की पेडलचे पहिले तीन सेंटीमीटर नुसतेच हवेत जातात. यावर सर्रास केला जाणारा इलाज म्हणजे पुशरॉडचा (पेडलला जोडलेला, क्लचच्या सिलिंडरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लॉकनट सैल करून रॉड दोन आटे लांब करणे. पेडल लगेच टाइट लागतं आणि काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात झीज तिथेच असते आणि क्लचला हवी असलेली मोकळी जागा मात्र गेलेली असते.

ढिलाई कशी वाढते ते आधी समजून घ्या. पेडल ज्या बोल्टवर फिरतं तिथपासून पायाच्या रबरापर्यंतचं अंतर हे त्याच बोल्टपासून पुशरॉडच्या पिनपर्यंतच्या अंतराच्या साधारण ५ ते ६ पट असतं. म्हणून पिन नुसती अर्धा मिमी झिजली तरी पायाखाली अडीच-तीन मिमी ढिलाई येते. पिनचं भोक अर्धा मिमी अंडाकृती झालं, की आणखी तेवढीच. बोल्टवरचे बूश (बोल्ट आणि पेडल यांच्यामधल्या छोट्या नळ्या) अर्धा मिमी खाल्ले गेले, की पुन्हा तेवढीच. डोळ्याला न दिसणाऱ्या तीन झिजा, आणि पायाखाली जवळजवळ एक सेंटीमीटर.

क्लच प्लेट झिजली म्हणून पेडल ढिलं झालं, हा समज पक्का रुजलेला आहे. तो चुकीचा आहे. केबलच्या गाडीत (मारुती ८००, झेन, एस्टीम, जिप्सी) प्लेट झिजली की पेडलचा प्ले (मोकळी हालचाल) उलट कमी होतो. हायड्रॉलिक गाडीत पेडल मास्टर सिलिंडरमधून तेल ढकलतं आणि ते तेल क्लचकडच्या स्लेव्ह सिलिंडरला हलवतं; तिथे हा स्लेव्ह ती झीज आपोआप भरून काढतो.

दोष शोधणे: अर्धा तास, खर्च शून्य

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, चाकामागे वीट लावा, इंजिन बंद. ड्रायव्हर सीट पूर्ण मागे सरकवून पाठीवर झोपा आणि टॉर्च डॅशबोर्डखाली मारा.

रबराला दोन बोटं लावून पेडल डावी-उजवीकडे हलवा. टोकाशी ३-४ मिमीपेक्षा जास्त हलत असेल तर बूश गेले. मग कोणाला तरी पेडल अगदी हळू, हातानेच दाबायला सांगा आणि तुम्ही पिनकडे बघत राहा. पेडलचा दांडा हलतो पण पुशरॉड जागचा हलत नाही, असा जो क्षण आहे तो पिनचा प्ले. पट्टी धरून तो मोजा आणि लिहून ठेवा.

आता इंजिन चालू करून पेडल भराभर पाच-सहा वेळा मारा. मारल्यावर ते वर येऊन कडक होत असेल, तर लाइनमध्ये हवा आहे. अशा पेडलला खटका नसतो, मिसळीचा पाव दाबल्यासारखं लागतं. पेडल दाबून धरल्यावर एका मिनिटात हळूहळू खाली बसत असेल आणि बाहेर कुठे गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचं वॉशर आतून तेल सोडतंय. या दोन्ही दोषांवर पिन-बूशचा उपयोग नाही आणि रॉड फिरवण्याचा तर त्याहून नाही.

२०१९ किंवा २०२१ च्या महापुरात पाण्यात उभी राहिलेली गाडी घेतली असेल, तर मोजमापाच्या भानगडीत न पडता पेडल असेंब्ली सरळ खोलाच. बूशमध्ये बसलेला पुराचा गाळ पॉलिश पेपरासारखं काम करतो.

पिन आणि बूश

बॅटरीचा निगेटिव्ह काढा. डॅशखाली क्लच स्विचच्या आणि काही गाड्यांत एअरबॅगच्याही वायरी असतात. पेडलला मदतीची जाड स्प्रिंग असेल तर ती ताणाखाली असते. ती धरल्याशिवाय काही सोडू नका, बोट तुटण्याइतका जोर असतो. ती काढण्यापूर्वी तिचा फोटो घ्या, कारण उलटी बसवली की पेडल परत येत नाही.

काटापिन काढून क्लेव्हिस पिन (पुशरॉडला पेडलशी जोडणारी पिन) बाहेर घ्या आणि व्हर्नियरने तीन ठिकाणी मोजा: दोन्ही टोकांना आणि मधोमध. बऱ्याच गाड्यांत ही पिन ८ मिमीची असते. मधे ७.८ किंवा कमी भरली तर फेकून द्या. नवी पिन टाकली तरी पेडलच्या दांड्याचं भोक अंडाकृतीच राहतं, म्हणून निम्मी ढिलाई तशीच राहते. हे भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडतात. चालतं, पण भोक मूळ जागेपासून सरकलं की पेडलचं प्रमाणच बदलतं. वेल्डिंग करायचंच असेल तर पेडल गाडीतून काढून करा.

त्यापेक्षा चांगला मार्ग कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आहे. ज्या गावात ऑइल इंजिनाचे पार्ट पिढ्यान्‌पिढ्या लेथवर निघतात, तिथे एवढासा बूश काढून घेणं म्हणजे टर्नरला चहाच्या वेळेतलं काम. पेडल काढूनच घेऊन जा, तोंडी मापं सांगू नका. भोक १० मिमीला रीमरने (भोक नेमक्या मापाचं आणि गोल करणारं हत्यार) साफ करायचं. साध्या ड्रिलने नको, ड्रिलचं भोक गोल येत नाही. त्यात बाहेरून १० मिमीचा, हलका दाबून बसणारा गनमेटल किंवा फॉस्फर ब्राँझचा बूश. आतलं माप तो दाबून बसल्यावरच रीम करायचं, कारण दाबल्यावर भोक थोडं आवळतं. नव्या पिनला ०.०३ ते ०.०५ मिमी मोकळीक पुरे. रीम करण्याआधी भोकाभोवती किमान ४ मिमी पत्रा उरतो का ते बघा. उरत नसेल तर नवं पेडलच घ्या.

पेडल ज्या बोल्टवर फिरतं तिथले कंपनीचे बूश बहुधा प्लास्टिकचे असतात. बदलताना नायलॉन घेऊ नका. नायलॉन ओल शोषून फुगतं, आणि गगनबावड्याकडचा पावसाळा लागला की आज छान बसलेलं पेडल जुलैमध्ये जड होतं. डेल्रिन (ओल फारशी न शोषणारं कडक प्लास्टिक) घ्या किंवा गनमेटल. दोन्ही बूशांच्या आतून जी स्टीलची नळी जाते तिची लांबी बूशांसकट पेडलच्या रुंदीपेक्षा ०.१ ते ०.२ मिमी जास्तच हवी. ती कमी झाली, तर बोल्ट आवळताच पेडल चिमटीत पकडलं जातं. मग लोक बोल्ट सैल ठेवतात आणि पुन्हा तोच खडखडाट. डेल्रिनला सिलिकॉन ग्रीस, गनमेटलला साधं लिथियम ग्रीस.

मग रॉड

फोक्सवॅगन-स्कोडाच्या बऱ्याच गाड्यांत पुशरॉड प्लास्टिकच्या क्लिपने पेडलला अडकतो आणि त्याला फिरवायला काहीच नसतं. तिथे वरचं कामच शेवटचं. जिथे आटे आहेत तिथे आधी पेडलची उंची स्टॉपरच्या बोल्टवर लावा. मग लॉकनट (बहुधा १२ किंवा १३ चा पाना) सैल करा आणि रॉड बोटांनीच फिरवा. पेडल वर असताना रॉड आणि पिस्टन यांच्यात अर्धा ते एक मिमी मोकळं राहिलं पाहिजे. पायाखाली त्याचे ३ ते ६ मिमी होतात. पिनची उरलीसुरली मोकळीक धरून एकूण प्ले ५ ते १२ मिमीच्या दरम्यान आला की ठीक. मॅन्युअलमध्ये आकडा दिला असेल तर तोच धरा.

ही मोकळीक का ठेवायची? मास्टर सिलिंडरमध्ये पिस्टनच्या पुढे एक बारीक भोक असतं, त्यातून तेल टाकीत परत जातं. रॉड लांब असला की पिस्टन त्या भोकावर बसून राहतो. तेल तापून फुगतं, त्याला जायला वाट नसते, आणि तुमचा पाय जमिनीवर असतानाही क्लच थोडा दाबलेला राहतो. म्हणजे अख्खा घाट हाफ क्लचमध्ये चढल्यासारखं.

खालचा स्टॉपरही विसरू नका. क्लच पूर्ण सुटल्यानंतर पेडल २०-२५ मिमी आणखी जावं, त्यापुढे नाही. जास्त गेलं तर प्रेशर प्लेटच्या (क्लच प्लेटला दाबून धरणारा भाग) डायफ्रामच्या पाकळ्या वाकतात, आणि जड प्लेट टाकलेल्या गाडीत हे लवकर होतं.

केबलच्या गाडीत अ‍ॅडजस्टिंग गिअरबॉक्सकडच्या नटवर: लिव्हरच्या टोकाला २-३ मिमी मोकळं ठेवा. केबल बाहेरून ठीक दिसली तरी पेडलच्या आकड्यापाशी तारा सुटल्यात का बघा, आणि फायरवॉलच्या पत्र्याला चीर गेलीय का तेही.

अपग्रेडचं म्हणाल तर

ब्रेडेड होज (वरून स्टीलच्या तारांची जाळी असलेला तेलाचा पाइप) घ्यायला हरकत नाही. जुना रबरी होज दाबाने फुगतो, तेवढी हालचाल वाया जाते. नवे तांब्याचे वॉशर टाका, होज सायलेन्सरच्या पाइपापासून लांब ठेवा. मग डॉट ४ ब्रेक ऑइलने पूर्ण लाइन धुवा. अडीचशे-तीनशे मिली लागतं. क्लच आणि ब्रेकची टाकी एकच असेल तर तेल मिनिममच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर ब्रेकचीही हवा काढत बसावं लागेल. रंगावर थेंब पडला तर लगेच पाणी ओता.

मोठं मास्टर सिलिंडर हा मात्र विचारपूर्वक करायचा खर्च आहे. १५.८७ मिमीच्या जागी १९.०५ मिमी टाकलं, की क्षेत्रफळ १.४४ पट होतं. पेडल कमी जातं, पण तेवढंच जड होतं. संध्याकाळी दाभोळकर कॉर्नरच्या सिग्नलला डावी मांडी त्याचा हिशोब मागते. शिवाय स्लेव्हही तितकाच जास्त ढकलतो, म्हणून खालचा स्टॉपर नव्याने लावावाच लागतो.

तपासणी

इंजिन चालू, पेडल पूर्ण दाबा, तीन सेकंद थांबून रिव्हर्स टाका. खर्रर्र आवाज आला तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. नंतर मोकळ्या चढावर चौथ्या गिअरमध्ये ४०-५० च्या वेगाने पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर द्या. आरपीएम चढतो आणि वेग तिथेच, तर क्लच घसरतोय.

खरी परीक्षा गरम गाडीवर. सकाळी गर्दी नसताना पन्हाळा चढा, वर थांबून लगेच पट्टीने प्ले मोजा. थंड असताना ८ मिमी होता आणि आता २ वर आला, तर रॉड अजून लांब आहे. ८ मिमीच्या साध्या आट्याला एक फेरा म्हणजे १.२५ मिमी. अर्धा फेरा आत घ्या, लॉकनट आवळा, उतरून आल्यावर पुन्हा मोजा.