बंडवाल्याच्या मागावर: कर्नाळा, शिरढोण, पळस्पे एका दिवसात

इंग्रजांविरुद्ध बंड करणाऱ्या वासुदेव बळवंत फडक्यांच्या मागावर निघणारे बहुतेक जण सरळ शिरढोण गाठतात, वाड्यासमोर फोटो काढतात आणि वेळ उरलाच आहे म्हणून कर्नाळा चढायला घेतात. तोवर अकरा वाजलेले असतात, चढावर ऊन तापलेलं असतं आणि अर्धा गट सुळका गाठायच्या आतच बसकण मारतो. हा क्रम उलटा करा. आधी कर्नाळा, मग शिरढोण, शेवटी पळस्पे. पायांना हे सोयीचं आहेच, शिवाय इतिहासही याच क्रमाने घडला. किल्ला गेला १८१८ ला, किल्लेदाराचा नातू, म्हणजे वासुदेव बळवंत, जन्मला १८४५ ला आणि त्याच्या माणसांनी पळस्प्यावर दरोडा घातला १८७९ ला. तिन्ही जागा पनवेलला परतताना एकापाठोपाठ एक वाटेतच लागतात.

निघताना

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात रान देखणं होतं, पण कातळावर शेवाळ धरतं आणि शनिवार-रविवारी मुंबईची निम्मी गर्दी तिथेच असते. एप्रिल-मेमध्ये जाऊ नका.

नवी मुंबईकरांनी हार्बरची, ठाणेकरांनी ट्रान्स हार्बरची सकाळची पहिली-दुसरी लोकल धरून पनवेल गाठावं. स्टेशनबाहेरून रिक्षाने एसटी स्टँडवर या. पेण-अलिबागकडे जाणारी साधी गाडी घ्या. इथे हमखास फसगत होते ती विनाथांबा अलिबाग गाडीत चढण्याने. ती ना शिरढोणला थांबते, ना अभयारण्यापाशी. चढण्याआधी कंडक्टरला "कर्नाळा अभयारण्याला थांबेल ना?" एवढं विचारा. अंतर बारा-तेरा किलोमीटर आहे. पनवेल मागे पडलं की रस्त्यावरूनच अंगठ्यासारखा सुळका दिसू लागतो.

माणशी तीन लिटर पाणी घ्या. वर खोदलेली टाकी आहेत, पण ते पाणी पिऊ नये. गेटवर प्रवेशशुल्क भरावं लागतं आणि प्लास्टिकच्या बाटल्या-पुड्या मोजून अनामत घेतात. परतताना तेवढ्याच वस्तू दाखवल्या की पैसे परत मिळतात. म्हणून डबा कापडात बांधा, पाणी स्टीलच्या बाटलीत घ्या. मोजणीतला वेळ वाचतो. माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा सगळं पाठीवरच्या बंद सॅकमध्ये.

कर्नाळा

अभयारण्यात निसर्गवाटाही आहेत आणि नवखे त्यांवरच फिरत राहतात. गेटवर किल्ल्याची वाट कोणती ते नीट विचारून घ्या. सवय असलेल्याला चढाईला सव्वा तास, लहान मुलं बरोबर असतील तर दोन तास धरा. सात-साडेसातला चालायला लागलात तर बहुतेक चढ सावलीत संपतो.

माथ्याखाली देवीचं मंदिर लागतं, पुढे दरवाजे, पडकी तटबंदी आणि सुळक्याच्या पोटातली टाकी. किल्ल्यावर मराठी आणि फारसी असे शिलालेख आहेत. सकाळच्या तिरप्या उन्हात अक्षरं उठून दिसतात, दुपारी नुसता दगड दिसतो. खडू किंवा कोळसा फासून अक्षरं ‘काढण्याचा’ उद्योग कोणी करत असेल तर थांबवा. मोबाइलचा टॉर्च बाजूने आडवा धरला की तेवढंच काम होतं.

खरा धोका मधमाश्यांचा. सुळक्यावर आग्या मोहोळं असतात आणि दरीकडून येणारा वारा तुमचा वास थेट त्यांच्याकडे नेतो. अत्तर, डिओ, सुगंधी तेल लावून येऊ नका. वर विडी-सिगारेट नाही, घोषणा नाहीत, शिट्ट्या नाहीत, ड्रोन तर नाहीच. शिवरायांचा जयजयकार खाली गेटपाशी करावा, महाराज रागावणार नाहीत. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. डोकं-तोंड कापडात गुंडाळून आल्या वाटेने झाडीत उतरा. टाक्यात उडी मारणारे बुडतात, आणि माश्या वर घिरट्या घालतच राहतात. सुळक्यावर चढणं हे दोर-साहित्य असलेल्या प्रशिक्षित गिर्यारोहकांचं काम आहे.

आता हा किल्ला या माणसाच्या वाटेत का? कारण पेशवाईच्या अखेरीस इथले किल्लेदार होते अनंतराव फडके, वासुदेव बळवंतांचे आजोबा. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला आणि घराण्याचा अधिकार संपला. गट नेत असाल तर हे तटावर बसून सांगा. प्रबळगड, माणिकगड दाखवा आणि खाली पनवेलकडे धावणारा महामार्गही दाखवा. बोरघाटातून पुण्याला जाणारी गाडीवाट १८३० मध्ये खुली झाली. घाटावरचा माल या पट्ट्यातूनच पनवेल बंदराकडे उतरे. ही गोष्ट पळस्प्याला उपयोगी पडते.

शिरढोण

साडेअकराला खाली, खाऊन-पिऊन बाराच्या सुमारास पनवेलकडची गाडी किंवा मिनीडोर रिक्षा. चार-पाच किलोमीटरवर शिरढोण. महामार्गाला दुभाजक आहे. तो ओलांडून उडी मारू नका, जिथे गावकरी ओलांडतात तिथूनच जा.

गावात फडक्यांचा वाडा आणि स्मारक आहे. हे राहतं गाव आहे, तेव्हा कोणाच्या पडवीत न विचारता शिरू नये. ४ नोव्हेंबर ही जयंती आणि १७ फेब्रुवारी ही पुण्यतिथी. या दिवशी कार्यक्रम असतात, पाहुणे येतात आणि वाडा निवांत बघता येत नाही. निवांतपणा हवा असेल तर हे दोन दिवस टाळा, गावाचा अभिमान बघायचा असेल तर मुद्दाम तेच धरा.

इथे सांगायच्या गोष्टी थोड्याच ठेवा: पुण्यातली लष्करी हिशेब खात्यातली नोकरी, लहुजी वस्तादांची तालीम, १८७६-७७ चा दुष्काळ, रामोश्यांना बरोबर घेऊन उभारलेलं बंड. २० जुलै १८७९ ला विजापूरकडच्या देवर नावदगीला ते पकडले गेले. जन्मठेपेवर एडनला पाठवल्यावर तुरुंगाचं दार बिजागऱ्यांसकट उखडून ते निसटले, पुन्हा सापडले आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथेच वारले. वाड्यासमोर उभं राहून एडनचं नाव घेतलं की अंतर आपोआप कळतं.

पळस्पे

इथे नेमकी चूक होते. "वासुदेव बळवंतांनी पळस्प्याला दरोडा टाकला" असं सर्रास सांगतात. मे १८७९ मधल्या पळस्पे आणि चिखलीच्या या दरोड्यांचे म्होरके होते त्यांचे सहकारी दौलतराव नाईक. लूट दीड लाखाच्या घरात होती. ती घेऊन घाटमाथ्याकडे परतताना मेजर डॅनियलच्या तुकडीने गाठलं आणि नाईक गोळी लागून पडले. बंडाचा कणा तिथेच मोडला. दौलतरावांचं नाव न घेता ही सहल पुरी होत नाही.

बघायला इथे बुरूज नाही की वाडा नाही. पळस्पे फाटा म्हणजे पूल, कंटेनरच्या रांगा आणि पुणे-गोवा वाटांचा गुंता. फाट्यावर गट उभा करू नका, हॉर्नमध्ये काही ऐकू येत नाही आणि जागा धोक्याची आहे. गावाकडच्या बाजूला सावली बघा, किल्ल्यावरून दाखवलेला रस्ता आठवून द्या आणि नाईकांनी नेमकं हेच ठिकाण का निवडलं असेल ते गटालाच विचारा. वीस मिनिटं पुरतात.

तिथून पनवेल पाचेक किलोमीटर. शहरातल्या नाट्यगृहाला वासुदेव बळवंतांचंच नाव आहे. संध्याकाळी प्रयोग असेल तर तिकीट आधीच काढून ठेवा.

पुढे जायचं असेल तर

ठाणेकरांच्या दारातच दुसऱ्या बंडवाल्याची जागा आहे. राघोजी भांगरेंना २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली. तो तुरुंग, म्हणजे जुना किल्ला, आजही चालू कारागृह आहे. आत जाता येत नाही, भिंतीजवळ कॅमेरा काढला तर पहारेकरी हटकणारच. बाहेरून बघा आणि पुढे चला.

पुण्यात संगम पुलाजवळ वासुदेव बळवंतांवर खटला चालला, बचावाचे वकील होते सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी. ते आवार आज पोलिसांच्या गुन्हे अन्वेषण विभागाकडे आहे. आत जायचं तर लेखी अर्ज आधी द्या, गटातल्या सगळ्यांची नावं त्यात घाला आणि ओळखपत्रं बरोबर ठेवा. रविवारी जाऊ नका, अर्ज बघायला साहेब नसतात.