वाघ काढताना या चुका टाळा, नाहीतर कागदावर मांजर उतरते

आमच्या चिमूर तालुक्यात वाघाचं कोणाला अप्रूप नाही, ताडोबा शेजारीच, त्यामुळे रविवारच्या क्लासला आलेल्या प्रत्येक पोराला पहिल्याच दिवशी वाघच काढायचा असतो, तोही रिअलिस्टिक, तोही दोन तासात. इतकी वर्षं शिकवून राहिलो, चुका मात्र त्याच त्याच. म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

पहिली चूक डोळ्याची, आणि ही मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेच्या भिंतीवर वाघाचं सहा फुटी तोंड काढायचं काम मिळालं होतं. चार दिवस खपलो. डोळ्याच्या मधोमध उभी काळी फट काढली, कारण ती भेदक दिसते असं डोक्यात बसलेलं. पाचव्या दिवशी सकाळी गुरं घेऊन चाललेले एक म्हातारे गुराखी थांबले, काठीवर हनुवटी टेकवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, हे डोये मांजरीचे हायेत जी. वाघाचे गोल असतेत, बटनावानी." मी घरी जाऊन जेवढे फोटो होते तेवढे काढून पाहिले. सगळीकडे गोल. वाघ, सिंह, बिबट, तिघांचीही बाहुली गोलच असते, उन्हात बारीक होते पण गोलच राहते, उभी फट आपल्या घरच्या मांजरीची. दुसऱ्या दिवशी पांढरा मारून डोळे नव्याने काढायला घेतले तर खालचा काळा वर दिसतच राहिला, पांढऱ्याचे तीन हात द्यावे लागले तेव्हा कुठे दबला.

तेव्हापासून मी आधी डोळे पूर्ण करतो, मगच बाकी तोंडाला हात लावतो. डोळे जमले नाहीत तर कागद बदलतो, पुढे रेटत नाही. अजून एक, डोळे मोठे काढू नका. एवढ्या मोठ्या तोंडाच्या मानाने वाघाचे डोळे लहान असतात, नाक लांब आणि रुंद असतं. पोरं डोळे मोठे आणि नाक छोटं करतात, मग वाघाचं पिल्लू दिसते. बुबुळाला सपाट पिवळा भरू नका, वरच्या पापणीची सावली पडते तिथे तपकिरी, खाली येता येता सोनेरी. चमकेचा ठिपका कागदाचाच पांढरा सोडायचा. डोळ्याभोवतीची काळी कड नाकाकडच्या कोपऱ्यात खाली उतरते, ती विसरू नका, आणि डोळ्याच्या वरचा पांढरा पट्टाही.

कान टोकदार काढू नका, गोल असतात. मागून काढत असाल तर कान काळा आणि त्यात पांढरा ठिपका.

मिशा शेवटी पांढऱ्या पेनने ओढू नका. संपलेली रिफिल घ्या, रंग भरायच्या आधी मिशांच्या रेघा कागदात दाबून घ्या, वरून रंगीत पेन्सिल फिरवली की त्या खाचा आपोआप पांढऱ्या राहतात. आणि मिशा गालावर कुठूनही उगवत नाहीत, वरच्या ओठावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, तिथूनच निघतात.

आता पट्टे. इथे माझा जीव तुटतो. मागच्या वर्षी एका पोरीने तीन रविवार बसून सुंदर केशरी अंग भरलं, केसन् केस काढला, आणि चौथ्या रविवारी मी येईपर्यंत काळ्या स्केचपेनने पाच मिनिटात सगळे पट्टे मारून मोकळी झाली. सरळ, सारख्या जाडीचे, सारख्या अंतरावर, शिडीवानी. शाई कागदात मुरली होती, काहीच करता आलं नाही, तीन रविवार वाया गेले. ती रडली, मलाही दोन घास गोड लागले नाही.

पट्टा हा वरून मारलेला रंग नाही, तोही केसच आहे, फक्त काळा. म्हणून त्याची कड सुरीने कापल्यासारखी नसते, केस ज्या दिशेने जातात तिकडे फाटलेली असते. मी पोरांना बैलाच्या पोटाभोवती दोर बांधून बघायला लावतो. बाजूने बघा, पाठीवर आणि पोटाखाली दोर वळतो, मध्ये जवळपास सरळ दिसतो. पट्टाही तसाच अंगाच्या गोलाईवरून फिरला पाहिजे, नाहीतर वाघ पुठ्ठ्यातून कापल्यासारखा दिसतो. पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला पट्टे फार कमी असतात, मागच्या मांड्यांवर दाट, कित्येक ठिकाणी दोन पट्टे टोकाला जुळलेले. आणि डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीवर उलटे करून छापू नका. दोन्ही बाजू वेगळ्या असतात, कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात, म्हणून तर जंगलात कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखतात आणि मोजतात. काळा सुद्धा डब्यातला थेट नको, आधी गडद तपकिरी, त्यावर गडद निळा, मग सगळ्यात शेवटी काळा, तोही हलका. तेव्हा त्या काळ्यात जीव येतो.

केशरीचंही तेच. डब्यातली केशरी पेन्सिल उचलून घासली की संत्र तयार होतं, वाघ नाही. मी आधी फिकट क्रीम, मग पिवळी माती म्हणजे यलो ऑकर, त्यावर थोडा केशरी, मग विटकरी, अशा पाच-सहा फेऱ्या मारतो. पोट, गाल, हनुवटी पांढरी असते, पण तिथेही सावलीत थोडा करडा लागतोच.

पहिल्याच फेरीत दाबून रंगवणं ही घाईची चूक. मेणाच्या रंगीत पेन्सिलीने जोर लावला की कागद गुळगुळीत होऊन चमकतो, मग वरचा रंग धरत नाही, नुसता घसरतो. असं झालं तर खोडू नका, डाग पसरतो. चिकटपट्टीचा तुकडा हलका ठेवायचा, वरून नखाने हळू घासायचं आणि अलगद उचलायचा, जास्तीचा मेण निघून येतो. दोन-तीनदा करा, कागद फाटणार नाही इतपतच. पातळ कागदावर हे करू नका, निदान चित्रकलेचा जाड कार्ट्रिज कागद तरी घ्या.

शिसपेन्सिलची आउटलाइन गडद ठेवली तर पिवळा रंग त्यावर हिरवट, मळका होतो. रंगायच्या आधी रबराने दाबून दाबून ती इतकी फिकी करा की फक्त तुम्हालाच दिसेल.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर, हाताचा घाम कागदावर उतरतो आणि घाम लागलेल्या जागी रंग धरत नाही. मनगटाखाली साधा कोरा कागद ठेवा. रात्री पिवळ्या बल्बखाली केशरी ठरवू नका, सकाळी वेगळाच निघतो.

ट्रेस करण्याबद्दल विचारतात. मोबाइलवरून छापून घेतलेली आउटलाइन बरोबर येते, पण खांदा कुठे वळला ते हाताला समजत नाही, मग रंग भरताना गाडी तिथेच अडते. फोटोवर आणि कागदावर चौकटी आखून एकेक चौकट बघून काढा, वेळ लागेल, लागू द्या. आणि फोटो घेताना भडक फिल्टर मारलेला घेऊ नका, त्यात सावल्याच उडालेल्या असतात.